न झालेली नोंद

पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात गागोदे बुद्रुक आणि गागोदे खुर्द अशी दोन गावे आहेत. पैकी पहिले गाव आचार्य विनोबा भाव्यांचे जन्मस्थान म्हणून उभ्या देशाला ठाऊक होते; दुसऱ्याचे नाव २०१५ सालच्या ऑगस्ट महिन्यापर्यंत तालुक्याबाहेर कोणी सहसा घेतले नसेल. त्या महिन्याच्या अखेरीस मात्र मुंबईच्या खार पोलिसांची पथके, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या आणि कुतूहलाने ओढले गेलेले लोक यांनी तेथील झाडीत एकच गर्दी केली, आणि शीना बोरा हत्या प्रकरण या नावाने पुढे गाजलेल्या खटल्याशी गागोदे खुर्दचे नाव कायमचे जोडले गेले.

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली आणि मेट्रो रेल्वेच्या कंपनीत नुकतीच स्थिरावू लागलेली शीना बोरा ही तरुणी २४ एप्रिल २०१२ पासून दिसेनाशी झाली. ती परदेशी गेली आहे असे सांगण्यात येत होते. तीन वर्षांनी, शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका वाहनचालकाच्या जबानीतून या खुनाची वाच्यता झाली आणि २५ ऑगस्ट २०१५ रोजी इंद्राणी मुखर्जी यांना अटक झाली. ज्यांची ओळख तोवर शीनाची बहीण अशी करून देण्यात येत होती, त्या वस्तुतः तिच्या माता होत्या. मोटारीत गळा दाबून खून झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रेत गागोद्याच्या जंगलात नेऊन जाळण्यात आले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे. आरोपींनी ते सातत्याने नाकारले आहे. खटल्याची सुनावणी २०१७ साली सुरू झाली आणि २०२४ सालीही साक्षीपुरावा संपलेला नव्हता.

न्यायालयाचे काम असे मंद गतीने चालले असता न्यायालयाबाहेर मात्र निकालांचा पाऊस पडत होता. त्या कुटुंबातील नातेसंबंध गुंतागुंतीचे असल्यामुळे वंशवृक्षांचे तक्ते भ्रमणध्वनीवरून फिरू लागले. कचेरीतल्या डब्याच्या वेळी, लोकलच्या डब्यात आणि व्हॉट्सॲपच्या गटांत हेतूंविषयी, पैशाविषयी आणि प्रेमप्रकरणांविषयी एकेक उपपत्ती मांडली जाऊ लागली. ज्यांनी पेण कधी पाहिले नव्हते ते गृहस्थ प्रेत कोणत्या वाटेने गेले असावे याचा नकाशा काढून दाखवीत. पुढे आरोपीचे आत्मचरित्र आले, चित्रमालिका आली, आणि प्रत्येक वेळी या हौशी गुप्तहेरांच्या उत्साहाला नवे भरते आले.

या सगळ्या कोलाहलात एक गोष्ट जितकी लक्षात यावी तितकी आली नाही. २३ मे २०१२ रोजी, म्हणजे हे प्रकरण उघडकीस येण्याच्या तीन वर्षे आधी, त्याच जंगलात जळालेले मानवी अवशेष सापडले होते. दुर्गंधीची खबर पोलीस पाटलाकडून पोलीस ठाण्याला गेली, पोलीस आले, काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे पाठविण्यात आले आणि उरलेले अवशेष तेथेच पुरण्यात आले. ग्रामव्यवस्थेतील अगदी तळाच्या अधिकाऱ्याने आपले कर्तव्य चोख बजावले होते. परंतु वरच्या पायरीवर खुनाची फिर्यादही दाखल झाली नाही आणि अकस्मात मृत्यूची रीतसर नोंदही झाली नाही. पुढे त्याची चौकशी झाली ती तीन वर्षांनी. २८ ऑगस्ट २०१५ रोजी ते अवशेष पुन्हा उकरून काढावे लागले आणि सप्टेंबरात डीएनए तपासणीने ते शीनाचे असल्याचे सांगण्यात आले.

म्हणजे या प्रकरणाला तीन वर्षे जे हवे होते ती कुशाग्र बुद्धीच्या तर्कपंडिताची एखादी उपपत्ती नव्हती. हवी होती एका नोंदवहीतील एक ओळ, जी मुंबईतल्या बेपत्ता तरुणीच्या माहितीशी कोणीतरी ताडून पाहिली असती. आणि ज्या काळात या मदतीची गरज होती त्या काळात एकही हौशी गुप्तहेर गागोद्याकडे फिरकला नाही, कारण अनोळखी प्रेताला चेहरा नसतो, कुळशील नसते, छायाचित्रांचा संग्रह नसतो, आणि या मंडळींचे कुतूहल चेहऱ्यावाचून जागे होत नाही.

या प्रवृत्तीचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या वाचनाच्या सवयीत सापडते. झुंजार आणि काळापहाड यांचे जनक बाबुराव अर्नाळकर यांच्या शेकडो रहस्यकथांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. रहस्यकथेत टेबलावर विसरलेला हातरुमाल निरर्थक नसतो, कारण तो तेथे लेखकाने हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. आणि खुनी हा प्रारंभीच्या प्रकरणांत भेटलेल्या पात्रांपैकीच कोणीतरी असणार, हा वाचकाशी झालेला अलिखित करार असतो. प्रत्यक्ष जीवनात असा कोणी लेखक नसतो. तेथे शंभर तपशिलांपैकी नव्याण्णव निव्वळ योगायोगाने पडलेले असतात, आणि खुनी असाही मनुष्य असू शकतो की ज्याचे नाव कथेत अद्याप आलेलेच नाही.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आयडाहो राज्यात घडले. १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे मॉस्को नावाच्या छोट्या विद्यापीठनगरीत चार विद्यार्थ्यांचा एका भाड्याच्या घरात भोसकून खून झाला. त्यानंतर सुमारे सात आठवडे जगभरातील हौशी तपासनिसांनी त्या गावात कल्पनेने मुक्काम ठोकला. खाद्यपदार्थांच्या गाडीपाशी चित्रफितीत दिसलेला एक तरुण, एका मुलीचा पूर्वीचा मित्र, शेजारी राहणारा विद्यार्थी, एवढेच नव्हे तर त्या विद्यार्थ्यांशी काहीही संबंध नसलेली इतिहासाची एक प्राध्यापिका, अशा एकामागून एक निरपराध माणसांवर खुनाचा आळ घेण्यात आला. अखेर स्थानिक पोलिसांना तपासाबरोबरच अफवांचे खंडन करण्याचेही काम अंगावर घ्यावे लागले. आणि ती प्राध्यापिका न्यायालयात गेली.

३० डिसेंबरला ज्याला अटक झाली आणि २०२५ च्या जुलैमध्ये ज्याने गुन्हा कबूल करून चार जन्मठेपा पत्करल्या, तो ब्रायन कोबर्गर शेजारच्या राज्यातील विद्यापीठात गुन्हेशास्त्राचाच संशोधक विद्यार्थी होता, आणि वर सांगितलेल्या आळ आलेल्यांपैकी कोणी नव्हता. त्याच्यापर्यंत तपास पोहोचला तो कोणत्याही नाट्यमय स्फुरणाने नव्हे. सुऱ्याच्या म्यानावर राहिलेला डीएनए, दूरध्वनीच्या मनोऱ्यांच्या नोंदी, आणि त्या रात्री दिसलेल्या पांढऱ्या मोटारीचा शोध घेताना शेजारच्या विद्यापीठातील एका पोलिसाने कंटाळवाण्या चिकाटीने पाहिलेली वाहनांची यादी, या तिहींनी ते काम केले. गागोद्याला जी नोंद झाली नाही, तशाच नोंदीने येथे आरोपीचा माग लागला.

खोट्या आळाची किंमत किती भारी असू शकते हे याआधी, २०१३ च्या एप्रिल महिन्यात दिसले होते. बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत स्फोट झाल्यानंतर, महिनाभर बेपत्ता असलेला ब्राउन विद्यापीठातील भारतीय वंशाचा एक विद्यार्थी हाच स्फोटांमागील संशयित, असा निष्कर्ष हौशी तपासनिसांनी काढला आणि पाहता पाहता तो हजारो मुखांनी उच्चारला गेला. आपल्या मुलाच्या शोधात व्याकूळ झालेल्या कुटुंबावर त्या एका रात्रीत शिव्याशापांचा वर्षाव झाला. त्या मुलाचा स्फोटांशी सुतराम संबंध नव्हता. काही दिवसांतच त्याचा मृतदेह सापडला.

हे सर्व नव्या यंत्रांचे पाप आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखले जाणारे दहा खून झाले, तेव्हा अफवांना विजेच्या तारांची गरज भासली नव्हती. दिवेलागणीनंतर घरांची दारे बंद होत आणि अनोळखी चेहरा संशयास्पद वाटे. अखेरीस पकडले गेले ते अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी देण्यात आली. या मालिकेतला पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी होता, आणि वर्षाहून अधिक काळ तो केवळ बेपत्ता म्हणून गणला गेला होता. त्याचा देह सारसबागेच्या तळ्यात एका पिंपात होता. बेपत्ता माणूस आणि बेवारस प्रेत यांच्यामधला दुवा न जुळणे ही आपल्या तपासव्यवस्थेची जुनीच उणीव आहे.

फरक पडला आहे तो अफवेच्या आयुष्यात. पूर्वी पेणच्या बाजारात उठलेली कंडी संध्याकाळच्या एस.टी.ने वडखळ, नागोठणे करीत रोह्याला पोहोचे, दोन दिवस पारावर घोळली जाई आणि ज्याच्याविषयी ती असे त्याला ओळखणारा कोणीतरी भेटला की तिथेच विरून जाई. आज ती ज्याच्याविषयी आहे त्याला ओळखणारे शंभर, आणि ती वाचणारे दहा लाख. शिवाय तो निर्दोष ठरल्यानंतरही ती तशीच टिकून राहते.

एवढ्यावरून हौशी तपासनिसाला केवळ उपद्रवी ठरविणे अन्यायाचे होईल. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते तेव्हा पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि सारे गाव ती अभिमानाने पाहते. राजसत्ता आणि लोक यांच्यामध्ये विश्वास असावा ही अपेक्षा या मातीत किती खोल रुजली आहे, याचे ते दर्शन आहे. तो विश्वास जिथे तुटतो तिथे लोक स्वतःच तपासाला बसतात. गागोद्याला अवशेष सापडूनही गुन्हा नोंदला जात नाही. खटला ऐन भरात असता तेच अवशेष सापडत नाहीत असे २०२४ च्या जूनमध्ये न्यायालयाला सांगितले जाते आणि पुढच्याच महिन्यात ते केंद्रीय अन्वेषण विभागाच्या दिल्लीतील कचेरीत असल्याचे कळते. मुद्देमालाची अशी व्यवस्था पाहणाऱ्या सामान्य माणसाने शंका घेऊ नये असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याची शंका रास्त असते. तिचे पर्यवसान मात्र तो दप्तराच्या हिशेबात न करता कोणा माणसाच्या अब्रूवर घाला घालण्यात करतो.

हौशी मंडळी खरोखर उपयोगी पडली आहेत ती खुनी शोधताना नव्हे, मृताचे नाव शोधताना. केंटकी राज्यात १९६८ साली सापडलेल्या एका अनोळखी स्त्रीच्या प्रेताची ओळख तीस वर्षांनी, १९९८ मध्ये पटली. ती पटवून देणारा टॉड मॅथ्यूज हा टेनेसीतील एका कारखान्यातला कामगार होता. हरवलेल्यांच्या याद्या वर्षानुवर्षे चाळताना हरवलेल्या बहिणीविषयी कोणीतरी लिहिलेला मजकूर त्याच्या दृष्टीस पडला, तो त्याने त्या प्रेताच्या वर्णनाशी ताडून पाहिला आणि अधिकाऱ्यांच्या हवाली केला. अंतिम निर्णय डीएनए तपासणीने दिला. पुढे हेच काम करणारे स्वयंसेवकांचे जाळे तेथे उभे राहिले. या कामात कोणावर आळ येत नाही, आणि चूक झाली तर एक जोडी जुळली नाही एवढेच होते.

आपल्या कायद्यातही सामान्य नागरिकाला तपासात स्थान नाही असे नाही. संशयास्पद मृत्यूची खबर मिळताच ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून, परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष पंचनामा करावा, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४ वे कलम सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ वे कलमही तेच सांगते. पंचाचे काम पाहणे, पाहिले तेवढेच सांगणे आणि त्याखाली स्वतःच्या नावाने सही करणे हे आहे. तर्क लढविण्याची त्याला मुभा नाही, आणि निनावी राहण्याचीही नाही. ज्याला न्यायाची खरोखर चाड आहे त्याने हीच दोन बंधने आपण होऊन पाळावीत: माहिती असेल तर ठाण्यात जाऊन नावानिशी जबानी द्यावी, आणि ती कोणत्या वहीत, कोणत्या क्रमांकाने नोंदली गेली हे विचारल्यावाचून परत फिरू नये. २०१२ च्या मे महिन्यात गागोद्याच्या अवशेषांविषयी हा एक प्रश्न पेणमध्ये कोणी चिकाटीने विचारला असता, तर पुढे लाखो लोकांनी केलेल्या तर्कांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला असता.