दारापुढील बुटकी सदाहरित झुडपे

गोडादऱ्यात अंगण म्हणजे किती, हे आपल्या सभासदांस सांगावयास नको. ओट्यापासून रस्त्यापर्यंत दोन-तीन हात जमीन, एवढेच. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या आपल्या मंडळींस काळी माती नवी नाही. तरीही या एवढ्याशा पट्टीत लावलेली रोपे पावसाळ्यात दगावतात, आणि बोल लागतो तो रोपे विकणाऱ्यास.

आम्हीही एका जूनमध्ये हातभर खोल खड्डे घेतले, शेणखत भरले आणि बुटक्या एक्झोराची बारा रोपे लावली. आषाढ सरेपावेतो नऊ कुजली. चूक खड्ड्यांचीच होती. काळी माती भिजली म्हणजे फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. मऊ खताने भरलेला खड्डा वाटीसारखा तुडुंब राहतो आणि मुळे गुदमरतात. उरलेल्या तीन रोपांची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुनखडीच्या जमिनीत एक्झोरास लोह घेता येत नाही, त्याचे हे लक्षण. (एक्झोरा हवाच असेल तर कुंडीत लावावा.)

तेव्हा खोल खणण्याऐवजी वाफा वीतभर उंच करावा. त्यात पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत घालावे. मात्र आधी हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. झुडपे दाट झाल्यावर त्या निघत नाहीत.

रस्त्याच्या कडेला कोयनेल उत्तम. ते मूळचे समुद्रकाठचे, त्यामुळे खारी जमीन व साचलेले पाणी सोसते. महिन्या-दीड महिन्याने कातरल्यास हातभरच राहते. आतल्या बाजूस जांभळ्या फुलांची पसरणारी घाणेरी लावावी. तिच्या फांद्या जमिनीस टेकतील तेथे मुळे धरतात. तिचा पाला गुरांस विषारी आहे, आणि फळे लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. पिवळ्या फुलांची वेडेलिया फुकट मिळते, झपाट्याने पसरतेही. पण जगातील 100 उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचे नाव आहे, रानघाणेरीचेही आहे. एकदा गटाराकाठी गेली की आवरत नाही. आम्ही ती लावीत नाही.

जुलैचा जोर ओसरल्यावर, श्रावण-भाद्रपदात, दीड-दीड फुटावर रोपे लावावीत व मधल्या जागेत वाळका पाला पसरावा. पहिला उन्हाळा कसोटीचा. वैशाखात जमिनीस भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. म्हणून तिसऱ्या दिवशी पाणी हवेच. पुढच्या वर्षी पानांची सावली जमिनीवर पडते, भेगा कमी होतात, आठवड्याचे पाणी पुरते.

छाटणी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडाशी करावी. त्या काड्या फेकू नयेत. वीतभर लांबीच्या काड्या जुन्या डब्यांत, तळाला भोके पाडून, लावल्यास श्रावणापर्यंत रोपे तयार होतात. आमच्या वाफ्यातील घाणेरीच्या काड्या ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या सुमारास पिशवी घेऊन यावे.