कळफलक आणि हातातली कळ

'जांभूळ' हा शब्द इनस्क्रिप्ट पद्धतीने संगणकावर टाइप करायचा, तर सहा कळा दाबाव्या लागतात. त्यांतल्या दोन शिफ्ट धरून: एकदा 'भ'साठी, एकदा 'ळ'साठी. दोन्ही वेळा शिफ्टवर जाते ती डाव्या हाताची करंगळी. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या या गावाचे नाव दाखले, अर्ज, पावत्या यांवर दिवसभर टाइप करणाऱ्याची करंगळी संध्याकाळी ठणकू लागली, तर त्यात नवल नाही.

इनस्क्रिप्टची मांडणी तशी हुशारीची आहे. काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून-पालटून चालतात. पण ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, श आणि ळ ही सगळी अक्षरे शिफ्टसह येतात आणि त्यांचा भार डाव्या करंगळीवर पडतो. ग्रामपंचायतीतल्या 'आपले सरकार' सेवा केंद्राचा चालक असो, वकिलाकडचा टंकलेखक असो की मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, यांच्यासाठी कीबोर्ड हे रोजच्या कमाईचे हत्यार आहे. तो निवडताना मात्र बहुधा किंमत आणि चमकणारे दिवे एवढेच पाहिले जाते.

मराठी टाइप करणाऱ्याने आधी डावी शिफ्ट पाहावी. काही कीबोर्डवर ती आखूड करून शेजारी आणखी एक कळ बसवलेली असते. तिथे करंगळीला प्रत्येक वेळी जास्त ताणावे लागते. शिफ्ट लांब आणि हलकी हवी. दुकानात उभ्याने दोन कळा दाबून अंदाज येत नाही. खुर्ची मागून घ्यावी, बसावे आणि आपल्या गावाचे, तालुक्याचे नाव दहा-बारा वेळा टाइप करून पाहावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

दुसरी गोष्ट दाबाची. साध्या कीबोर्डमध्ये कळेखाली रबराची छोटी टोपी असते. यांत्रिक कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. हलक्या यांत्रिक स्विचला साधारण ४५ ग्रॅम दाब पुरतो, खटका वाजणाऱ्यांना ६० ग्रॅमच्या आसपास लागतो. यांत्रिक कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण निम्म्या वाटेवरच अक्षर उमटते. हे ज्याच्या बोटांना कळले तो कळ तळापर्यंत आपटणे सोडतो आणि खरा आराम तिथेच मिळतो. रबर जुने होऊन कडक झाले की उलट घडते. माणूस नकळत जोर वाढवतो आणि दोष वयाला देतो.

टिकाऊपणाच्या जाहिराती जरा हिशेबाने वाचाव्यात. रबरी कळेचे आयुष्य सामान्यतः ५० लाख ते १ कोटी दाबांचे सांगितले जाते, यांत्रिक कळेचे ५ कोटी किंवा त्याहून जास्त. रोज चार तास, मिनिटाला दीडशे दाब, वर्षाला ३०० दिवस असे धरले तर वर्षभरात सुमारे एक कोटी दाब होतात. ते सगळ्या कळांत वाटले जातात. दहातला एक दाब कान्यावर पडतो असे मानले, तरी त्या कळेला ५० लाख गाठायला चार-पाच वर्षे लागतील. म्हणजे कागदावर साधा कीबोर्डही पुरतो. प्रत्यक्षात तो जातो चहाने, धुळीने आणि पावसाळी दमटपणाने. यांत्रिक कीबोर्डचा फायदा असा, की काहींमध्ये बिघडलेला एकच स्विच काढून बदलता येतो. विकत घेताना तेवढे विचारावे. कळांवर चिकटवलेली मराठी अक्षरे घामाने सुटतात. पण सराव झाला की त्यांची गरजही उरत नाही.

कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडून तो उभा करण्याची सवय मात्र सोडावी. त्याने मनगट वर वाकते. पाय मिटलेले, कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ असावे. मनगटाखालची उशी विश्रांतीसाठी आहे, टाइप करताना त्यावर भार देऊ नये. आकड्यांचे काम नसेल, तर उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड बरा, कारण माउस जवळ येतो. २००३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात मनगटातील नस दबण्याच्या लक्षणांचा संबंध आठवड्याला २० तासांहून जास्त माउस वापरण्याशी दिसला, कीबोर्डशी नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००१ मधील पाहणीतही, संगणकावर खूप काम करणाऱ्यांत या विकाराचे प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकेच आढळले.

म्हणूनच हाताला मुंग्या आल्या की नवा कीबोर्ड घेऊन मोकळे होणे धोक्याचे ठरते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते, रात्री झोपमोड होते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, अशी लक्षणे असतील तर मनगटातील नस दबलेली असू शकते. तिच्यामागे मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा गर्भारपणातली सूज असू शकते. कीबोर्डला दोष देत वर्ष काढणाऱ्या माणसाची साखर कधी तपासलेलीच नसते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर नस कोपरापाशी दबत असल्याची शक्यता जास्त. तिथे टेबलाच्या कडेवर कोपर टेकवण्याची सवय आधी पाहावी. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खपाटीला गेला असेल किंवा हातातून वस्तू पडू लागल्या असतील, तर थांबू नये. नस फार काळ दबलेली राहिली, तर शस्त्रक्रियेनंतरही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

जुन्या टाइपरायटरच्या कळा कितीतरी जड होत्या. तरी त्या काळच्या टंकलेखकाला ओळ संपली की गाडा सरकवावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे. त्या निमित्ताने हात थांबत. संगणकाने ती सक्तीची विश्रांती काढून घेतली, तेव्हा अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे हात खाली सोडावेत.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणखी एक. केंद्रावर बहुधा साधा रबरी कीबोर्डच समोर येतो. घरी यांत्रिक वापरत असाल, तरी शेवटचे पंधरा दिवस सराव साध्यावर करावा.