आज तुझी ताल, उद्या माझी

होळी झाली की घाटघरच्या भातखाचरांत काही उरत नाही. पीक डिसेंबरपूर्वीच घरात आलेलं असतं, कातळ तापलेला असतो, ओढे आटलेले असतात. कोकणकड्यावर पर्यटकांचीही वर्दळ ओसरते. शहरातल्या माणसाला हे दिवस रिकामे वाटतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी शेतकऱ्याच्या लेखी मात्र हा शेती घडवण्याचा हंगाम. घडवण्याचा असं मुद्दाम म्हटलं, कारण इथं सपाट जमीन आयती मिळत नाही. उतारावर दगडाची ताल रचायची, वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला भरायची, पाणी उभं राहील अशी पातळी साधायची, तेव्हा कुठं एक खाचर तयार होतं. एका घराच्या दोन-तीन माणसांना हे काम एका उन्हाळ्यात झेपत नाही. त्यावर या भागानं काढलेला तोडगा म्हणजे पडकई.

पडकईची रीत सांगायला सोपी आहे. दहा-पंधरा घरं एकत्र येतात. पहार, कुदळ, टिकाव, फावडं, घमेली घेऊन सगळे आज एकाच्या रानात राबतात, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पैसे कुणी कुणाला देत नाही. माझ्या रानात तुझ्या घरचा एक माणूस एक दिवस राबला, तर तुझ्या रानात माझ्या घरचा एक माणूस एक दिवस राबणार. हिशेब माणूस-दिवसांचा, वही सगळ्यांच्या डोक्यात. मोठे दगड तालीच्या पायाला, लहान दगड फटींत, पाण्याला निघायला वाट ठेवायची, नाहीतर पहिल्याच मुसळधारेत ताल पोट काढते. कुठल्या चढाला किती उंच ताल झेपेल हे जाणत्याच्या नजरेवर ठरतं. असल्या कामात पोरं आपोआप तयार होतात. शिबिर भरवावं लागत नाही.

महाराष्ट्रात याचे भाऊबंद बरेच आहेत. देशावर इर्जिक असे: नांगरटीला किंवा पेरणीला गावातले बैल-माणसं बोलवायची आणि संध्याकाळी गोडाधोडाचं जेवण घालायचं. आवणीच्या घाईत सावड असते, आज तुझ्या खाचरात चिखलात वाकायचं, उद्या माझ्या. पण इर्जिक एका दिवसाची आणि सावड एका हंगामाची. पडकईतून निघालेली ताल नीट राखली तर पुढच्या पिढ्यांना पुरते. म्हणून मला ती सेवेच्या इतिहासात मोजावीशी वाटते, नुसत्या शेतीच्या नव्हे.

सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लब येतात. तालुक्याच्या गावी बॅनर, शाल-श्रीफळ, नेत्रतपासणी, वह्यावाटप. या क्लबांची कुळकथा मात्र गमतीशीर आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी असे चौघे एका कार्यालयात जमले. मोठ्या शहरात एकटी पडलेली माणसं मैत्रीसाठी आली होती, आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठीही. बैठक आज याच्या कचेरीत, पुढच्या वेळी त्याच्या, अशी फिरती असे. त्यावरूनच रोटरी हे नाव पडलं. लोकोपयोगी काम नंतर सुचलं. पहिलं मोठं काम होतं शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं यासाठीची खटपट. मुंबईत रोटरी 1929 मध्ये आली, लायन्स 1956 मध्ये. पुढं रोटरीनं 1985 पासून पोलिओविरुद्ध लावलेला नेट सगळ्यांना ठाऊक आहे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्या कामाला नाक मुरडण्याचं कारण नाही.

पण त्या चौघांच्या फिरत्या बैठकीत जे होतं, ते नंतर मागं पडलं असं मला वाटतं. बैठकीत यजमान आणि पाहुणा बदलत राहतात. सेवेत मात्र देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा. स्नेह आपसात, सेवा परक्यांना. पडकईत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. ज्याच्या रानात आज घाम गाळायचा, त्याच्यासोबतच दुपारी झाडाखाली भाकर सोडायची आणि परवा त्यानं आपल्या रानात यायचं. लाभार्थी नावाचा प्राणी तिथं जन्मालाच येत नाही.

या परिसरात दानाची दुसरी रीतही जुनीच आहे, आणि ती दगडावर कोरलेली आहे. नाणेघाट घाटघरच्या हद्दीत येतो. (घाटघर म्हणताच अकोले तालुक्यातलं वीजप्रकल्पाचं घाटघर आठवणाऱ्यांनी जरा दक्षिणेला सरकावं.) घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञ किती केले, दक्षिणा म्हणून गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं किती दिली याची ती यादीच. अभ्यासकांची गर्दी या लेखापाशी होते, ते योग्यही आहे. मला मात्र त्याच घाटातल्या पाण्याच्या एका टाक्यावरचा छोटा लेख जास्त जवळचा वाटतो. हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान, एवढंच तो सांगतो. सोपारं म्हणजे आजचं नालासोपारा. बंदरावरचा माणूस चढ चढून दमला असेल, तहानला असेल, आणि पुढच्या वाटसरूसाठी त्यानं पाणी ठेवलं.

खाली जुन्नरच्या डोंगरांतही अशी माणसं भेटतात. धान्यविक्यांच्या श्रेणीनं मिळून सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप. अदुथुम नावाच्या शकानं करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून व्याजातून दान चालवल्याचाही लेख आहे. व्यावसायिकांची संघटना, तिचा निधी, निधीतून लोकोपयोगी काम: दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये हे सगळं होतं. यातही पाणी वरचढ आहे, हे ध्यानात घ्यावं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. कुकडीचं पाणी खाली माणिकडोहात अडतं, कालव्यांनी पूर्वेच्या तालुक्यांतला ऊस पोसतं. वरच्या वाड्यांना मे महिन्यात हंडा घेऊन फिरावं लागतं, म्हणून गोविंददासाचं दान आजही जुनं वाटत नाही.

पडकईवर मात्र शिलालेख नाही. तिची नोंद घेतली गेली ती फार उशिरा, आणि तीही धरणामुळं. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं, खोऱ्यातली खाचरं बुडाली आणि माणसं वर चढावर सरकली. त्यांच्यासोबत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ ही संस्था उभी राहिली. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरची शेती, आणि चढावर नवी खाचरं काढण्यासाठी पडकई, असं ते काम होतं. पडकईच्या घामाला सरकारी मजुरी मिळावी यासाठी संस्थेनं पाठपुरावा केला. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

सरकारी पैसा आला की जुन्या रीतीचं काय होतं, हा प्रश्न मला टाळावासा वाटत नाही. गरिबाच्या घामाला दाम मिळालाच पाहिजे. फुकट राबण्याचं कौतुक पोट भरलेल्यांनी करू नये. पण योजनेचं उद्दिष्ट हेक्टरमध्ये मोजलं जातं, आणि हेक्टर लवकर भरायचे तर यंत्र लागतं. पंधरा माणसांची टोळी जिथं एका उन्हाळ्यात दोन-चार ताली रचते, तिथं जेसीबी दोन दिवसांत अख्खा उतार खरवडतो. 30 जुलै 2014 रोजी याच पट्ट्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा उतारावरच्या यांत्रिक सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवलं. अतिवृष्टी, तीव्र उतार आणि पाणी मुरून सैल झालेली माती ही कारणंही पुढं आली. एकाच कारणावर खापर फोडणं बरं नाही. तरीही हाताच्या कामात एक लगाम आपसूक असतो: जाणता म्हातारा ‘इथं नको’ म्हणतो आणि कुदळ थांबते. यंत्राच्या ताशी भाड्यात तो म्हातारा बसत नाही.

माळीणला मदतीचा लोंढा लोटला. अन्न, कपडे, ब्लँकेटं, स्वयंसेवक. नवं गाव आमडे इथं उभं राहून 2017 मध्ये लोक राहायलाही गेले. अशा वेळी एकतर्फी मदतच हवी असते, तिथं परतफेडीची भाषा करणं निर्दय ठरेल. प्रश्न असतो तो एरवीच्या दिवसांचा. दिवाळीच्या सुमारास पश्चिम पट्ट्यात गाड्या येतात, फराळ आणि कपडे वाटले जातात, फोटो निघतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण गावानं त्यांच्यासाठी काय करावं, हे कुणी विचारत नाही.

खरं तर गाव ते करतच असतं. जीवधन किल्ल्याच्या कातळात कुणी ट्रेकर अडकला, वानरलिंगी सुळक्याच्या बाजूला वाट चुकला, पाय मोडला, की शहरातलं बचावपथक पोहोचण्याआधी खालच्या वाडीतली पोरं दोर घेऊन वर गेलेली असतात. रात्री-अपरात्री आलेल्या भिजलेल्या टोळक्याला चुलीपाशी बसवून तांदळाची भाकर वाढली जाते. या माणूस-दिवसांची कुणी नोंद ठेवली, तर शहराकडे बरीच बाकी निघेल.

ती फेडायला जागा आहे. जुन्या ताली दरवर्षी कुठं ना कुठं ढासळतात. तरणी माणसं नारायणगावला, मंचरला, पुण्याला मजुरीला गेल्यानं पडकईला टोळी जमणं अवघड झालं आहे. एखाद्या क्लबानं वाटपाची एक फेरी कमी करून एप्रिलमधले दोन रविवार घाटघरच्या एका पडकईला द्यावेत. दगड वाहायला फार कौशल्य लागत नाही. रचायचं काम गावकऱ्यांकडेच राहू द्यावं, आणि ‘इथं नको’ म्हणणाऱ्याचं ऐकावं. घमेलं, टोपी आणि पाण्याची बाटली आपली आपण न्यावी. जेवण त्या दिवशी ज्याचं रान असेल त्याच्याकडे.