किनाऱ्यावरची रिसॉर्ट, गोल्फची मैदाने आणि आपला सोलापुरी टॉवेल

तामलवाडी हे तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. येथून समुद्र पाहायचा तर सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा दिवसभराचा प्रवास आहे. तरीही कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी आपल्या भागातील कापड व्यापाऱ्याचा संबंध जवळचा आहे. तेथे जेवढ्या खोल्या बांधल्या जातात तेवढ्या खोल्यांना टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे आणि नॅपकिन लागतात. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माल आपल्या दारात, ग्राहक घाटाखाली आणि मधला नफा तिसऱ्याचा, अशी आजची स्थिती आहे. ज्या व्यापारी बांधवांना तिजारत वाढवायची आहे त्यांनी एकदा किनारा फिरून यावे. कोठे जावे, काय पाहावे आणि सौदा कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

किनारा किती बदलला?

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. त्याआधी १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाडीसह जाता येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबाग मुंबईकरांना आणखी जवळ आले. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. रस्ता, रेल्वे, बोट आणि विमान आले की मागोमाग खोल्या येतात, आणि खोल्या आल्या की कापड लागते.

पाहण्यासारखी ठिकाणे

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर आणि तारकर्ली येथे त्याची निवासस्थाने आहेत. गणपतीपुळ्याचे निवासस्थान अगदी वाळूला लागून आहे. तारकर्ली मालवणजवळ असून तेथे समुद्रात बुडी मारण्याचे शिक्षण देणारी महामंडळाची संस्था आहे. मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ला आणि मुरूडसमोर सिद्दींचा जंजिरा हे दोन्ही जलदुर्ग मुलाबाळांना दाखवण्यासारखे आहेत. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी या राजाला कैद करून येथे ठेवले होते आणि १९१६ साली त्याचा येथेच इंतकाल झाला.

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे की सरकारी महामंडळाची खरेदी निविदेने होते. तेथे व्यवस्थापकाला नमुना दाखवून लगेच ऑर्डर मिळणार नाही. आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याचा खरा ग्राहक म्हणजे त्याच गावातील दहा-बारा खोल्यांची खासगी रिसॉर्ट आणि निवास-न्याहारी योजनेखाली घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, राजापूर या तालुक्यांत कोकणी मुस्लिमांची वस्ती फार जुनी आहे. मशीद जवळ आहे, जेवण हलाल आहे आणि दारूचा त्रास नाही, अशी जागा आपल्या कुटुंबांना हवी असते. मोठे घर असलेल्या कोकणी बांधवांनी हा धंदा मनावर घेतला तर त्यांना रोजी मिळेल आणि आपल्या लोकांची सोय होईल.

गोल्फची मैदाने

गोल्फ म्हटले की हा साहेब लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. खेळ समजायला सोपा आहे. काठीने चेंडू मारत तो ठरलेल्या खड्ड्यात घालायचा. अशा खड्ड्यांना होल म्हणतात. पूर्ण मैदानाला १८ होल असतात, लहान मैदानाला ९. जितके कमी फटके लागतील तितका खेळाडू चांगला. चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत त्याचा ठरलेला आकडा म्हणजे पार.

ही मैदाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार सभासदांच्या क्लबचा. मुंबईचा विलिंग्डन क्लब आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब हे या प्रकारचे. तेथे सभासदाच्या ओळखीशिवाय प्रवेश मिळणे कठीण. दुसरा प्रकार हॉटेलच्या मैदानाचा. दक्षिण गोव्यात काणकोणला ललित हॉटेलचे ९ होलचे मैदान आहे. केळशीजवळ मोबोर येथे पूर्वी लीला म्हणून ओळखले जाणारे हॉटेल आज सेंट रेजिस नावाने चालते, त्याचे मैदान १२ होलचे आहे. ही मैदाने मुख्यतः मुक्कामी पाहुण्यांसाठी असतात. बाहेरच्याने आधी चौकशी करूनच जावे.

तिसरा प्रकार सार्वजनिक मैदानाचा, म्हणजे फी भरा आणि खेळा. आपल्या राज्याच्या किनारपट्टीत याचे ठळक उदाहरण सिडकोने नवी मुंबईत खारघरच्या डोंगरांच्या कुशीत केलेले मैदान आहे. ते २०१२ साली सुरू झाले तेव्हा ११ होलचे होते. ज्याला हा खेळ जवळून पाहायचा आहे त्याने मुंबईच्या बाजाराला गेल्यावर तेथे चक्कर मारावी.

आता कापड व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. प्रत्येक खेळाडूच्या पिशवीला एक टॉवेल लटकलेला असतो. काठीचे तोंड मातीने भरते, चेंडूला चिखल लागतो, हात घामाने ओले होतात, म्हणून टॉवेल हवाच. हा नॅपकिनएवढा, गडद रंगाचा टेरी टॉवेल असतो. त्याच्या कोपऱ्यात धातूची कडी बसवतात आणि वर क्लबचे चिन्ह शिवतात. सोलापूरच्या मागावर हा माल सहज निघतो. खप मर्यादित आहे, पण चिन्ह शिवलेल्या मालाला साध्या नॅपकिनपेक्षा चांगला भाव मिळतो आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.

किनाऱ्याला कोणता टॉवेल द्यावा?

येथे आपल्या ज्ञानाची कसोटी लागते. टॉवेलचा दर्जा एका चौरस मीटरच्या वजनावर मोजतात, त्याला जीएसएम म्हणतात. ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या अंघोळीच्या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होते. ४५० जीएसएमचा टॉवेल असेल तर तो सुमारे ५०६ ग्रॅम भरेल, ६०० जीएसएमचा ६७५ ग्रॅम. शहरातल्या मोठ्या हॉटेलला जाड टॉवेल आवडतो, कारण त्याच्याकडे वाळवण्याचे यंत्र असते. कोकणातील लहान रिसॉर्टमध्ये कपडे दोरीवर वाळतात. समुद्राची हवा दमट असते. जाड टॉवेल आतून ओला राहतो, त्याला कुबट वास येतो आणि पाहुणा नाक मुरडतो. म्हणून अशा ग्राहकाला ४०० ते ४५० जीएसएमचाच माल सुचवावा. जाड माल विकल्याने आज बिल मोठे होते, पण पुढच्या हंगामात ग्राहक दुसरीकडे जातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभ्या दगडाच्या भागात अनेक विहिरींच्या पाण्यात लोह असते. पांढरा टॉवेल काही धुलाईंनंतर पिवळट पडतो आणि दोष कापडाला दिला जातो. ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगावी. त्याचे पाणी तसे असेल तर बदामी किंवा फिकट तपकिरी रंग सुचवावा. समुद्रावर आणि पोहण्याच्या तलावावर नेण्यासाठी वेगळा गडद टॉवेल द्यावा. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यामुळे रंग पक्का, शक्यतो व्हॅट रंग, असावा. नवा टॉवेल वापरण्यापूर्वी एकदा धुवावा आणि कपडे मऊ करणारे द्रव्य फार वापरू नये, नाहीतर टॉवेल पाणी शोषत नाही, हेही सांगून ठेवावे.

तिसरी गोष्ट संख्येची. एक संच खोलीत, एक धुलाईत आणि एक कपाटात, असे तीन संच लागतात. हॉटेलवालेही या ठरलेल्या साठ्याला पार म्हणतात. १२ खोल्या आणि खोलीत दोन पाहुणे धरले तर २४ टॉवेलचा एक संच, म्हणजे तीन संचांचे ७२. त्यावर फाटणे-हरवणे धरून ८० ची ऑर्डर योग्य. आपण असा हिशेब मांडून दाखवला की मालकाचा विश्वास बसतो. आणि जे वजन सांगितले तेच द्यावे. माप-वजनात घट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे तो कपड्याच्या ग्रॅमलाही लागू आहे.

कर आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या टॉवेल-चादरीवर ५ टक्के कर आहे. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवरही ५ टक्केच कर लागतो, मात्र त्या हॉटेलवाल्याला खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. म्हणून लहान रिसॉर्टवाल्याशी बोलताना करासह पूर्ण रक्कम सांगावी, त्याच्या दृष्टीने तोच खरा भाव. ७५०० च्या वरच्या खोल्यांवर १८ टक्के कर आहे आणि तेथे वजावट मिळते.

गोवा हे दुसरे राज्य आहे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, त्यासाठी नियमित नोंदणी लागते. माल ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल काढावे.

उधारीचा प्रश्न

या धंद्यातला खरा धोका उधारीचा आहे. हॉटेलचा धंदा हंगामी असतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात पैसा येतो, पावसाळ्यात आटतो. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने माझे बिल दिवाळीला देण्याचा वायदा केला आणि रक्कम पुढच्या पावसाळ्यापर्यंत अडकली. तोपर्यंत मागवाल्याला आणि सूतवाल्याला मी खिशातून पैसे दिले. मागावर बसणाऱ्याला आठवड्याला मजुरी लागते, त्याला हॉटेलच्या हंगामाशी देणेघेणे नाही.

२००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. परंतु हे संरक्षण उत्पादकाला आहे. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणीत घेतले ते बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतेच. शिवाय या कायद्याचा उपाय म्हणजे थकलेल्या रकमेवर व्याज, आणि सूद घेणे आपल्याला जायज नाही. तेव्हा आपला बंदोबस्त आधीच करावा. अर्धी रक्कम ऑर्डरबरोबर घ्यावी, बाकी माल पोचताच. उधार द्यावेच लागले तर मुद्दत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट हुकूम आहे. आपण तो मशिदीत ऐकतो आणि दुकानात विसरतो.

दारू देणाऱ्या हॉटेलला माल विकावा का, असा प्रश्न अनेक बांधव विचारतात. खोलीचा टॉवेल आणि खास दारूच्या विभागासाठी त्याचे चिन्ह शिवलेला नॅपकिन यांत माझ्या मते फरक आहे. तरी प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे.

केव्हा जावे?

हंगामात मालकाला बोलायला वेळ नसतो आणि जुलैत घाटातला पाऊस धोक्याचा असतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. पाऊस उतरलेला असतो, मालक दिवाळीची तयारी करत असतो आणि ऑर्डर मिळाली तर माल तयार करून पोचवायला महिना मिळतो. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे घरच्यांना घेऊन जायचे असेल तर ऑक्टोबरनंतर जावे.

जाताना तीन वजनांचे नमुने, वजनकाटा आणि छापील दरपत्रक बरोबर ठेवावे. दोन-तीन तरुणांनी मिळून भागीदारीत एक तालुका वाटून घेतला तर खर्च कमी पडेल. घाटाखाली मागणी आहे, घाटावर माल आहे. मधला रस्ता आपल्यालाच चालायचा आहे. नियत साफ आणि व्यवहार लेखी असेल तर इन्शाअल्लाह बरकत होईल.