सुई, दोरा आणि यंत्र (भाग ७) : सरळ, पण कशाला सरळ?

मागच्या भागात डिझाइन कॉम्प्युटरवर टाक्यांत कसे उतरवतात ते पाहिले. आता डिझाइन मशीनमध्ये आहे, दोरे ओवलेले आहेत, तरीही टी-शर्टवरचा लोगो तिरका आला. गिऱ्हाईक म्हणते, मशीन बिघडले. मशीन बिचारे निर्दोष असते. सुई जागच्या जागी खालीवर होते. पुढेमागे आणि डावीउजवीकडे सरकते ती रिंग, तिच्यात आवळलेल्या कापडासकट. मशीनला फक्त रिंग कळते. कापड रिंगमध्ये दोन अंशांनी कलते बसले, तर भरतकामही अगदी चोख दोन अंशांनी कलते उतरते.

सुईखाली कापडाची चौकट हलवण्याची ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समधल्या म्युलूझ गावी जोसुए हाइलमानने १८२८च्या सुमारास बनवलेल्या भरतकाम यंत्रात ती होती. स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये काढलेल्या ‘शिफली’ यंत्रातही होती. पण त्या चौकटींवर कापडाचा लांबच लांब पट्टा ताणलेला असे. किनार चौकटीला समांतर लावली की काम झाले. खरी पंचाईत सुरू झाली ती शिवून तयार झालेल्या कपड्यावर भरायला लागल्यापासून.

कारण तयार कपड्यात ‘सरळ’ एक नसते. एक सरळ कापडाची, म्हणजे ताण्याबाण्याची किंवा विणीच्या उभ्या ओळींची. दुसरी शिवणीची: बटणपट्टी, खिसा, खांदा, खालची दुमड. तिसरी अंगावरची, कपडा घातल्यावर लोकांना दिसते ती. तिन्ही जुळल्या तर नशीब. बहुतेकदा जुळत नाहीत आणि रिंग लावणाऱ्याला एकीची बाजू घ्यावी लागते.

टी-शर्टचेच बघा. सिंगल जर्सीच्या विणीत सुताचा पीळ सुटायला बघतो आणि कापड हळूहळू फिरते. दोनचार धुण्यांनंतर बगलेखालची शिवण पोटावर आलेला टी-शर्ट प्रत्येकाच्या कपाटात असतो. म्हणून कसबी कारागीर बगलेच्या शिवणीवर किंवा खालच्या दुमडीवर भरवसा ठेवत नाही. तो टी-शर्ट उभा दुमडतो, खांद्याला खांदा आणि बगलेला बगल जुळवतो, घडीवर इस्त्री फिरवतो. ती घडी म्हणजे मधली रेघ. एका बगलेपासून दुसरीपर्यंत खडूने आडवी रेघ ओढली की काटकोन मिळतो.

कॉलरच्या टी-शर्टवर डाव्या छातीचा लोगो बसवताना न्याय वेगळा. मोठ्यांच्या मापात तो खांद्याच्या शिवणीपासून साधारण ७ ते ९ इंच खाली येतो. उंचीचा अंदाज बटणपट्टीच्या खालच्या टोकावरूनही घेतात. पट्टीच मुळात किंचित वाकडी शिवलेली असेल तर? तर लोगोही पट्टीच्या मापानेच लावावा. बघणाऱ्याला विणीच्या ओळी दिसत नाहीत, शेजारची पट्टी दिसते. चौकड्यांच्या शर्टवर मात्र चौकड्यांपुढे कुणाचे काही चालत नाही. अशा शर्टसाठी लोगोभोवती चौकोनी चौकट काढणाऱ्या डिझायनरला एकदा तरी रिंग लावायला बसवावे.

चूक किती मोठी? १०० मिलिमीटर लांबीच्या ओळीत एका अंशाच्या कलाने दोन टोकांत पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो. मोकळ्या कापडावर तो खपतो. शेजारी समांतर कड आली की डोळा लगेच पकडतो.

इथे देवनागरीचा विषय येतो. रोमन अक्षरे सुटी उभी असतात, थोडा कल पोटात घालतात. आपल्या शाळेचे नाव मराठीत भरायचे म्हटले की शिरोरेषा हीच फूटपट्टी होऊन बसते, आणि खिशाची वरची कड तिच्या डोक्यावर. दोन समांतर रेघा, मध्ये जेमतेम बोटभर अंतर! त्यात सॅटिन टाक्याचा स्वभाव आडवा येतो: दोरा ज्या दिशेने जातो तिकडे कापड आत ओढले जाते आणि मोकळ्या टोकांकडे बाहेर ढकलले जाते. आडव्या शिरोरेषेत टाके उभे पडतात. म्हणून पडद्यावर आखली त्यापेक्षा ती बारीक आणि लांब निघते. अक्षरागणिक तुकड्यांत भरली आणि मधे कापड सरकले, तर रेषेला पायऱ्या पडतात. ती एका दमात भरणे बरे.

सोलापूरसारख्या गणवेशांच्या गावात मोठ्या संख्येने काम निघते, तिथे खिसा शर्टला लावण्याआधीच भरून घेणे सोयीचे. ब्लाउजच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीतही हाच क्रम: अखंड कापडावर बाहीचे, पाठीचे माप आखायचे, भरायचे, मग कापायचे. अखंड कापडाला किनार असते, म्हणजे शिफलीचीच सोय परत मिळते. फक्त तिरकेपणाची जोखीम आता कापणाऱ्याच्या आणि खिसा लावणाऱ्याच्या हातात जाते.

रिंग आवळताना विणीचे कापड ओढून सरळ करण्याचा मोह टाळावा. ताणलेले कापड रिंग काढल्यावर मूळ मापावर येते, टाके येत नाहीत; भोवती सुरकुत्या उरतात. त्यापेक्षा खालचा बॅकिंग पेपर रिंगमध्ये घट्ट बसवून कपडा त्यावर चिकटवतात. खुणांसाठी पाण्याने जाणारे निळे पेन चांगले, पण धुण्याआधी इस्त्री फिरली तर खूण पक्की बसू शकते. उष्णतेने नाहीशी होणारी शाई कडक थंडीत पुन्हा उमटू शकते. गिऱ्हाईक शिकागोचे असेल तर हे लक्षात ठेवलेले बरे.

आता बऱ्याच मशीनवर डिझाइन एकेका अंशाने फिरवता येते आणि टाका घालण्याआधी त्याच्या चारी कडांवरून रिंग फिरवून बघता येते. तेवढ्यात सुई बटणपट्टीला समांतर जाते की नाही ते कळते. काही महागड्या मशीनचा कॅमेरा कापडावरचे खुणेचे स्टिकर वाचून डिझाइन आपोआप फिरवतो. स्टिकर कुठे आणि कोणत्या रेघेला धरून लावायचे, हे मात्र चिकटवणाऱ्यालाच ठरवावे लागते. टोपीवर तर सपाट रेघच मिळत नाही; तिची वेगळी चौकट पुढच्या आठवड्यात पाहू.