हळदीच्या ड्रमावरचा छोटा ट्रॅक्टर

कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हळद-केळीच्या पट्ट्यातलं गाव. असल्या पिकांच्या ओळींत मोठं धूड शिरत नाही, म्हणून पंधरा-अठरा अश्वशक्तीचे ट्रॅक्टर आले: महिंद्राचा युवराज 215, स्वराज 717, व्हीएसटीचा शक्ती एमटी 180 डी. तिन्ही पाण्यावर थंड होणारे. जुन्या हवेवरच्या आयशरवाल्यांना रेडिएटरची कटकटच नव्हती.

असा ट्रॅक्टर जुना झाला की नांगरटीपेक्षा हळदीच्या पॉलिश ड्रमावर जास्त तापतो. कारण साधं आहे. मार्च-एप्रिलचं ऊन, ड्रम पीटीओला जोडलेला आणि ट्रॅक्टर तासन्‌तास एकाच जागी उभा. पंखा समोरची हवा ओढतो, तिच्यासोबत हळदीची साल आणि पिवळी भुकटीही. पुढची जाळी झटकली की रेडिएटर साफ दिसतो. भुकटी मात्र आतल्या पात्यांच्या फटीत बसलेली असते. तिला कुठे तेलाचा थेंब लागला तर लेपच. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारा. सर्व्हिसिंगवाल्याचा जोरदार फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि वाट आणखी बुजते.

आतला शत्रू बोअरचं पाणी. त्यातले क्षार सिलिंडरभोवतीच्या पोकळीत थर धरतात आणि इंजिनची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?’ म्हणून कुलंट टाळणारे बरेच भेटतात. पण इथे कुलंट हवं ते गंज आणि उकळी टाळण्यासाठी. डब्यावरच्या प्रमाणात, शुद्ध पाण्यात मिसळून घालावं. थर काढायला जुने लोक धुण्याचा सोडा वापरतात. पितळी रेडिएटरला तो चालतो, ॲल्युमिनियमला खातो.

ट्रॅक्टर तापला की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून फेकतात. हा उपाय मला अजिबात पटत नाही. इंजिन मग वेळेवर गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, झीज वाढते. थर्मोस्टॅट खराब आहे का, हे चुलीवरच कळतं. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास झडप हळूहळू उघडली पाहिजे. पाण्याला उकळी आली तरी मिटलेलीच राहिली तर नवा घ्या.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. ते दाब धरतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं की दाब निसटतो आणि सकाळी भरलेलं पाणी दुपारी कमी. पंख्याचा पट्टाही मधोमध अंगठ्याने दाबून बघा. साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर दबावा. पाणी घटतंय, गळती दिसत नाही आणि तेल दुधाळ झालंय, तर ट्रॅक्टर चालवू नका. हेड गॅस्केट गेल्याची शंका धरून मिस्त्रीकडे न्या.

आणि काटा लाल पट्ट्यात गेला तर ड्रम सोडवा, इंजिन थोडा वेळ हळू चालवून बंद करा. झाकण गार झाल्यावरच उघडा. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.