टाकलेला शिंपला आणि करातली सूट



कोकणातल्या वाचकांना कालवं म्हणजे काय ते सांगायला नको. ओहोटी लागली की हातात कोयती घेऊन खाडीच्या खडपावर बसलेल्या बायका त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. घाटावरच्या मंडळींसाठी एवढेच सांगतो की, कालव हा दोन शिंपल्यांच्या डबीत राहणारा मऊ जीव आहे. एकदा दगडाला चिकटला की जन्मभर जागा सोडत नाही. आतला गर खायचा आणि शिंपला टाकून द्यायचा, ही जगभरची रीत. फार तर पूर्वी भट्टीत भाजून त्याचा चुना करीत.

आज त्या टाकलेल्या शिंपल्याविषयीच लिहिणार आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१३ सालापासून असा शिंपला परत देणाऱ्याला राज्याच्या प्राप्तिकरात सूट दिली. उकिरड्यावर जाणाऱ्या वस्तूवर सरकारने कर का सोडावा? आणि आपल्या शेतकऱ्याने त्यात लक्ष का घालावे? शेवटपर्यंत वाचा, मग तुमचे तुम्हीच ठरवा.

मेरीलँडच्या पोटात चेसापीक नावाचा मोठा उपसागर शिरलेला आहे. लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अनेक नद्या त्यात येऊन मिळतात आणि त्या नद्यांच्या काठांवर मका, सोयाबीन आणि कोंबड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. म्हणजे मुलूख समुद्राचा असला तरी आजूबाजूला वस्ती शेतकऱ्यांचीच. या उपसागरात एके काळी कालवांचे एवढे थर होते की १८८४-८५ च्या एका हंगामात एकट्या मेरीलँडमध्ये सुमारे दीड कोटी बुशेल कालवे निघाली. बुशेल हे आपल्या पायलीसारखे मापाचे नाव आहे. साधारण अमेरिकन बुशेल पस्तीस लिटरचा धरतात, कालवांचा त्याहून काहीसा मोठा. आज तिथे कालवांची संख्या जुन्या काळाच्या एक टक्क्याच्या आसपास उरली आहे, असे मानले जाते.

हे कशाने झाले? एक तर लोखंडी दाताळी ओढून तळ खरवडून काढला. दुसरे, जमिनीची धूप होऊन आलेला गाळ थरांवर बसला. तिसरे, १९५० च्या सुमारास आणि त्यानंतर दोन रोग आले व त्यांनी उरल्यासुरल्या कालवांचा फडशा पाडला. ही तिन्ही कारणे सगळे सांगतात. चौथे मात्र पटकन लक्षात येत नाही. कालव शिंपल्यासकट हॉटेलात जाते, गर गिऱ्हाइकाच्या पोटात जातो आणि शिंपला शहराच्या कचऱ्यात. कालवाबरोबर त्याची जमीनही पाण्याबाहेर निघून जाते.

हे नीट समजून घ्या. कालवाचे पिलू अंड्यातून निघाले की दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असते. त्यानंतर त्याला बसायला टणक आणि स्वच्छ जागा लागते. चिखलात पडले तर गुदमरून मरते. दगडावर बसते, पण त्याला सगळ्यात मानवतो तो दुसऱ्या कालवाचा शिंपला. आजीच्या शिंपल्यावर नात बसते, नातीच्या शिंपल्यावर तिची नात, आणि शेकडो वर्षांत तळापासून उंच बांध तयार होतो. तिकडे त्याला रीफ म्हणतात. शिंपले परत न टाकता नुसती कालवे काढत राहणे म्हणजे दरसाल पिकाबरोबर वीतभर मातीही बाजारात विकण्यासारखे आहे. आपल्याकडे उसाचे पाचट पेटवून देणारा शेतकरी वेगळे काय करतो?

या बांधांचा उपयोग केवळ खाण्यापुरता नाही. पूर्ण वाढलेले एक कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. काठच्या शेतांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर पाण्यात शेवाळ माजते. ते कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे आणि खेकडे मरतात. कालवे हे शेवाळ खातात. आपण युरियाची गोणी उधळतो, पहिला जोराचा पाऊस येतो आणि गोणीतले अर्धे ओढ्याला जाते. ते पुढे कोणाच्या अंगणात जाते, याचा आपण विचार करीत नाही. मेरीलँड सरकार मुख्य पीक निघाल्यावर हिवाळ्यात जमिनीवर राय-गव्हासारखे आच्छादन पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देते, ते याच कारणासाठी.

शिंपला परत कसा जातो

अॅनापोलिस गावच्या ऑयस्टर रिकव्हरी पार्टनरशिप या संस्थेने २०१० साली हॉटेलांतून शिंपले गोळा करायला सुरुवात केली. हॉटेलच्या मागच्या दाराशी पिंप ठेवायचे आणि भरले की गाडी येऊन घेऊन जाते. तेव्हापासून दोन लाखांहून अधिक बुशेल शिंपले या वाटेने परत आले.

आणलेला शिंपला लगेच पाण्यात टाकत नाहीत. उघड्यावर ढीग करून सुमारे वर्षभर ऊन-पाऊस खाऊ देतात. चिकटलेले मांस जाते, वास जातो, रोगाचे जंतू मरतात. आपण ओले शेण शेतात टाकत नाही, कुजवून टाकतो, तसेच हे. मग तो यंत्रात धुऊन जाळीच्या पिंजऱ्यांत भरतात आणि केंब्रिज गावाजवळच्या हॉर्न पॉइंट इथल्या विद्यापीठाच्या केंद्रात मोठ्या हौदांत ठेवतात. त्या हौदांत कालवाची पिले सोडली की ती शिंपल्यांवर येऊन बसतात. एका शिंपल्यावर अशी दहा-बारा बारीक ठिपक्यांसारखी पिले दिसतात. ही झाली कालवांची रोपवाटिका. तिथून बोटीने नेऊन ठरलेल्या खाडीत ती पेरतात. हॅरिस क्रीक नावाच्या एका खाडीत २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकर तळावर दोन अब्जांहून अधिक पिले अशी लावली गेली. एवढे बियाणे लावायचे म्हटल्यावर शिंपला किती लागत असेल याचा अंदाज करा. बी तयार होत होते, पण ते बसवायला शिंपला पुरेना, अशी अडचण होती.

म्हणून करातली सूट आली. सुरुवातीला दर बुशेलमागे एक डॉलर आणि एका करदात्याला वर्षाला जास्तीत जास्त ७५० डॉलर. एक डॉलरसाठी कामाच्या गर्दीत शिंपला वेगळा काढायला कोण तयार होणार? पुढे २०१८ साली दर पाचपट केला. बुशेलला पाच डॉलर, कमाल मर्यादा १५०० डॉलर. म्हणजे तीनशे बुशेलपर्यंतचा मोबदला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे यात नेहमी घोटाळा होतो. उत्पन्नातून वजावट वेगळी आणि करातून वजावट वेगळी. उत्पन्नातून हजार रुपये वजा झाले तर त्या हजारावरचा कर तेवढा वाचतो, शंभर-दोनशे रुपये. करातूनच हजार वजा झाले तर पुरते हजार वाचतात. मेरीलँडची सूट दुसऱ्या प्रकारची होती. मात्र ती मिळवायला किती शिंपला दिला याचा कागद विवरणपत्राला जोडावा लागे. कागद नाही तर सूट नाही.

शेजारच्या मुलखातला एक वेगळा दाखला आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २००६ सालापासून बुशेलला एक डॉलर अशी सूट दिली होती. त्याबरोबर २००७ पासून कालवांचे शिंपले कचरा डेपोत टाकायला कायद्यानेच बंदी केली. तिथली सूट २०१३ अखेर मुदत संपून बंद झाली. एका हातात गूळ आणि दुसऱ्या हातात छडी, असा तो प्रकार. माझे मत विचाराल तर नुसत्या छडीने लोक रात्री गुपचूप टाकायला शिकतात, आणि नुसता गूळ संपला की कामही संपते.

खड्ड्याचे पैसे की खताचे?

आता माझीच एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे कंपोस्ट खताची योजना होती. विटांचा टाका बांधला की अनुदान. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आपल्याला ठाऊकच आहे. पद्धत उत्तम, त्यात शंका नाही. मी गावोगाव फिरून टाक्या मोजल्या, रजिस्टर भरले, उद्दिष्ट पूर्ण केले. दोन वर्षांनी त्याच गावांत गेलो तेव्हा एका टाक्यात सरपण रचलेले होते, एकात शेळी बांधलेली, आणि एकीत म्हातारीने मिरच्या लावलेल्या. खत दोन-तीनच घरी. एका शेतकऱ्याने मला तोंडावर सांगितले, "साहेब, तुम्ही विटांचे पैसे दिले, विटा आहेत. मोजून घ्या." मला उत्तर देता आले नाही. चूक त्याची नव्हती. आम्ही खताला पैसे दिलेच नव्हते.

मेरीलँडच्या योजनेत मला आवडले ते हेच. पिंप ठेवले म्हणून सूट नव्हती, माप भरून शिंपला परत आला तर होती. पण तिच्यात उणे आहे, तेही सांगायला हवे. करातली सूट ही कर भरणाऱ्याच्याच कामाची. हॉटेलमालकाचा कर वाचला, पण रात्री बारा वाजता ताटातला शिंपला वेगळ्या पिंपात टाकणाऱ्या पोऱ्याला काय मिळाले? तो कंटाळला आणि त्याने लिंबाच्या साली व कागदी रुमाल त्यातच टाकले की आख्खे पिंप वाया. शिवाय पिंप न्यायला गाडीच आली नाही तर पाच काय, पन्नास डॉलरही कामाचे नाहीत. माझ्या समजुतीने निम्मे श्रेय त्या गाडीचे आहे.

आपल्याकडे अशी कल्पना नवी नाही. गांडूळखत, पर्जन्यजल संचय आणि सौरऊर्जा करणाऱ्या घरांना पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात सूट दिली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने सगळा कर वेळेवर भरणाऱ्या घराला दळण मोफत दिले. तुमच्या ग्रामसभेत ओला कचरा कुजवणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्यायचा विषय निघाला, तर ठरावाआधी चार गोष्टी विचारून घ्या. सवलत खड्ड्याला की तयार खताला? माप कोण घेणार आणि पावती कोण देणार? एका घराला जास्तीत जास्त किती? आणि ज्याच्या नावावर घरच नाही, पण जो रोज गल्ली झाडतो, त्याचे काय?

जाता जाता कोकणातल्या भगिनींसाठी. खडपावरच कालव फोडून गर काढण्याची तुमची जुनी रीत चांगली आहे. खालचा शिंपला दगडाला तसाच राहतो आणि पुढच्या पिलांना बसायला जागा उरते. तो खरवडून आणू नका. घरी आलेले सुटे शिंपले मात्र उकिरड्यावर टाकू नका. स्वच्छ धुऊन कडक उन्हात चांगले वाळवा, ज्वारी-गव्हाच्या दाण्याएवढे कुटा आणि अंड्यावरच्या कोंबड्यांपुढे वेगळ्या भांड्यात ठेवा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक चुनखडी असते, अंड्याचे कवच टणक होते. खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला हवे ती हवे तेवढेच खाते. लहान पिलांना मात्र देऊ नका.